सोलचा हिवाळा, ठाण्याचा जुलै

नौपाड्यातल्या दुकानांपासून वाशीच्या मॉलपर्यंत कोरियन-जपानी मेकअपची वेगळी फळी आता बहुतेक ठिकाणी असते. गुलाबी खोकी, गोल डब्या, बोटाएवढ्या लिप टिंटच्या कुप्या. हा रिव्ह्यू एका दुकानाचा किंवा एका कंपनीचा नाही, त्या अख्ख्या फळीचा आहे. तिथलं काय ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आणि आपल्या रंगावर चालतं, काय चालत नाही, आणि का, एवढंच पाहायचं आहे.

या फळीवर निरनिराळ्या काळातला माल शेजारी शेजारी बसलेला असतो आणि विकणारे सगळ्यालाच ‘कोरियन ग्लास स्किन’ म्हणतात. टोन-अप क्रीम हे गोरं दिसण्याच्या हौसेतून आलेलं. चकाकणारं कुशन (डबीतल्या स्पंजातलं फाउंडेशन) आणि थरावर थर देण्याची सीरम ही २०१७ च्या सुमारास जगभर गाजलेल्या ग्लास स्किनची, म्हणजे काचेसारख्या चकाकत्या त्वचेची. कडा धूसर करायचे मॅट टिंट आणि ‘वॉर्म’, ‘कूल’ अशी लेबलं लावलेल्या आयशॅडो त्यानंतरच्या. सोलमधल्या मुली एक सोडून दुसऱ्याकडे गेल्या, इथे मात्र तिन्ही एकाच पिशवीत घरी येतं. टोन-अप, त्यावर चकाकीचं कुशन, त्यावर मॅट ओठ असा चेहरा मग धड इकडचा नाही आणि तिकडचाही नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हवा. सोलचा जानेवारी शून्याखाली जातो, हवा कोरडी असते, त्वचा ओढल्यासारखी होते. तिथे ‘मुल-ग्वांग’ म्हणजे पाण्यासारखी चकाकी हवीशी वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे जुलैत हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. चकाकी विकत घ्यावी लागत नाही, ठाण्याहून वाशी लोकल पकडेपर्यंत ती कपाळावर आपोआप येते. खुद्द सोलमध्येही पावसाळी जुलै-ऑगस्टला बायका ‘पोसोंग’ म्हणजे पावडर लावल्यासारख्या कोरड्या, मऊ बेसकडे वळतात, पण ती अर्धी गोष्ट इथल्या जाहिरातींत येत नाही. टोकियोचा उन्हाळा तर आपल्याला फारच ओळखीचा, तिशीपार पारा आणि अंगाला चिकटणारी हवा. मेकअप उतरून ओघळण्याला जपानीत ‘केशो-कुझुरे’ असा खास शब्द आहे आणि काजळ-मस्कारा पसरून डोळ्याखाली काळं होण्याला ‘पांडा-मे’, म्हणजे पांडाचे डोळे. ज्या भाषेत या दुखण्यांना नावं आहेत तिथल्या कंपन्यांनी त्यावर औषधंही शोधली असणार, हे ओघानंच आलं. म्हणून मार्च ते ऑक्टोबर या फळीवरून कोरियाचा हिवाळा उचलू नका, जपानचा उन्हाळा उचला.

आता कुशन, कारण सर्वात जास्त पैसे आणि सर्वात जास्त निराशा त्याच डबीत आहे. आयोपे या कोरियन ब्रँडने २००८ मध्ये पहिलं एअर कुशन आणलं आणि कल्पना सुचली ती पार्किंगच्या पावतीवर मारायच्या शिक्क्याच्या पॅडवरून. आत स्पंज, स्पंजात पातळ फाउंडेशन, वर दाबून घ्यायला मऊ पफ. डबीत साधारण १४-१५ ग्रॅम माल असतो. लावायची पद्धत मात्र शिक्क्यासारखी ठेवावी लागते, पुट्टीसारखी नाही. पफ स्पंजावर हलकेच एकदा टेकवायचा. मग झाकणाच्या आतल्या बाजूवर दोन-तीनदा टिपून जास्तीचा माल तिथे सोडायचा. गालाच्या मधोमध सुरुवात करायची आणि टिपत टिपत बाहेर, कानाकडे जायचं. ओढायचं नाही. पफवर आता जे उरलं असेल तेच कपाळाला आणि हनुवटीला. नाकाच्या बाजूला पफ दुमडून त्याची कड वापरायची. दुसरा थर फक्त जिथे डाग दिसतो तिथे. चेहऱ्यावर सरसकट दुसरा थर दिला की दोन तासांत हसण्याच्या रेषांमध्ये तो जमा होतो.

कुशन फसतं ते बहुतेक वेळा खालच्या थरांमुळे. पाण्यासारखं जेल मॉइश्चरायझर, त्यावर सिलिकॉनचं सनस्क्रीन, ते सुकायच्या आत कुशन, असं केलं की बोट फिरवताच मळाच्या वळ्यांसारख्या शेवया निघतात. उपाय सोपा आहे. खालचे थर दोनच ठेवा, सनस्क्रीननंतर निदान ५ ते १० मिनिटं थांबा, पंख्याखाली उभ्या राहा. चहा होईस्तोवर वेळ जातोच. दुसरी चूक दुपारच्या टच-अपची. घामेजल्या चेहऱ्यावर तोच पफ दाबला की घाम आणि तेल स्पंजात परत जातं आणि पुढच्या आठवड्यात कपाळावर बारीक पुळ्या येतात. आधी टिश्यू दाबून चेहरा कोरडा करायचा, मग पफ. टिकली लावणाऱ्यांसाठी एक सूचना कुठल्याच कोरियन व्हिडिओत मिळणार नाही: टिकलीच्या जागेवरचा बेस टिश्यूने पुसून घ्या, नाहीतर डिंक धरत नाही आणि टिकली घसरत भुवईवर येते.

पफ आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा, पिळू नका, टॉवेलात दाबा. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओला पफ बंद डबीत ठेवला तर कुबट वास येतो, मग बुरशी. दोन पफ आलटून पालटून वापरणं हाच मार्ग. डबी कोरडी वाटायला लागली की स्पंज चिमट्याने उलटा करून पाहा, खाली अजून बराच माल असतो.

डबीवर ‘एसपीएफ ५०+’ लिहिलेलं असतं त्यावर विसंबून सनस्क्रीन गाळू नका. तो आकडा चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मिळालेला असतो. चेहऱ्याचा हिशोब केला तर एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास. त्या हिशोबाने १५ ग्रॅमची डबी १२ दिवसांत संपायला हवी. आपली डबी दोन-अडीच महिने चालते, म्हणजे आपण किती लावतो ते उघड आहे. सनस्क्रीन वेगळंच लागतं, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. या बाबतीत मात्र फळीला पैकीच्या पैकी गुण. जपानी-कोरियन सनस्क्रीन जेल आपल्या हवेत हलकी बसतात, चेहरा चिकट करत नाहीत. त्यांच्यावरचं ‘पीए’ हे जपानमधल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेनं १९९६ मध्ये सुरू केलेलं मोजमाप आहे. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांपासून किती वाचवतं ते सांगतो, पीए हे त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांचं मोजमाप. चार अधिक चिन्हं २०१३ पासून आली, त्यांचा अर्थ १६ किंवा त्याहून वरचं संरक्षण. वांग असणाऱ्यांनी चारच्या खाली येऊ नये.

छटेचा प्रश्न जास्त किचकट आहे. कोरियन कुशनवर १३, १७, २१, २३ असे आकडे असतात आणि कोरियात बाजार फिरतो तो २१ आणि २३ भोवती. २१ म्हणजे गोरी, २३ म्हणजे ‘नैसर्गिक’. आपल्याकडे जिला निमगोरी म्हणतात तिला २३ कसाबसा जमतो. गव्हाळ रंगाला २५-२७ पासून पाहायला सुरुवात करावी लागते आणि सावळ्या रंगासाठी बऱ्याच ब्रँडकडे अजूनही काहीच नाही. हे बदलतंय, पण उशिरा. टिरटिर या कोरियन ब्रँडच्या कुशनमध्ये गडद छटा नाहीत यावर एका कृष्णवर्णीय अमेरिकन यूट्यूबरच्या व्हिडिओंनी बोट ठेवलं आणि २०२४ मध्ये ती यादी ३० छटांवर गेली. ‘नैसर्गिक’ हा शब्द कुणाच्या त्वचेसाठी लिहिलाय हे त्या आधीच्या यादीवरून कळत होतं.

दुकानात मनगटावर लावून पाहणं निरुपयोगी आहे, मनगट चेहऱ्यापेक्षा फिकं असतं. जबड्याच्या कडेला, कानाखाली दोन बोटं लावा आणि दुकानाबाहेर उजेडात जा. मॉलमधल्या दिव्यांखाली सगळ्याच छटा जमल्यासारख्या वाटतात. मग २० ते ३० मिनिटं थांबा, कारण त्वचेचं तेल मिसळलं की बहुतेक कुशन अर्धी छटा गडद होतात. त्वचेत हिरवट-पिवळी झाक असेल तर आकड्याजवळची ‘सी’ (कूल) आणि ‘पी’ (पिंक) अक्षरं टाळा, गुलाबी बेस तिच्यावर राखाडी दिसतो. ‘डब्ल्यू’ (वॉर्म) किंवा पिवळसर ‘एन’ (न्यूट्रल) घ्या. दोन छटांच्या मध्ये अडकलात तर गडद घ्या. फिकी छटा गळ्यापाशी चेहऱ्याला उघडं पाडते, गडद तेवढी पाडत नाही.

टोन-अप क्रीमला मात्र सरळ नापास. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आणि गुलाबी किंवा जांभळट रंगद्रव्य असतं, ते गोऱ्या त्वचेवर उजळपणा देतं आणि गव्हाळ त्वचेवर राख फासल्यासारखं बसतं. घाम आला की दुधाचे ओघळ. ही वस्तू मुळात रंगाच्या एका कल्पनेसाठी बनली आहे. जपानमध्ये हजारेक वर्षांपूर्वीच्या हेयान काळातल्या सरदारघराण्यातल्या बायका पांढरी भुकटी लावत, भुवया उपटून कपाळावर उंच काळे ठिपके काढत, दात काळे करत. १८७० मध्ये मेइजी सरकारने सरदारघराण्यांसाठी काळे दात आणि उपटलेल्या भुवया बंद केल्या, पांढरा चेहरा राहिला. तिथेही १९१७ मध्ये शिसेदोने सात रंगांची फेस पावडर आणली, प्रत्येकीच्या त्वचेला एकच पांढरा शोभत नाही हे धरून. त्यानंतर १९९० च्या दशकात टोकियोतल्या शिबुया भागातल्या मुलींनी अगदी उलट टोक गाठलं. पॉप गायिका नामिए आमुरोसारखा उन्हाने रापलेला रंग आणि बारीक भुवया, मग ‘गांगुरो’चे मुद्दाम गडद केलेले चेहरे आणि पांढरे ओठ. लाट ओसरली आणि ‘बिहाकू’ म्हणजे सुंदर गोरेपणा पुन्हा कपाटात आला. २०२१ मध्ये काओ या मोठ्या जपानी कंपनीने हा शब्दच वापरायचं थांबवलं. आपल्याकडच्या एका प्रसिद्ध क्रीमने नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये काढून ‘ग्लो’ घातलं, तसंच. आत काय बदललं हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

कोरियात ‘मिबेक’, म्हणजे त्वचा उजळवणारी प्रसाधनं, हा कायद्याने वेगळा गट आहे. त्यात ठरावीक घटक ठरावीक प्रमाणात लागतात, उदाहरणार्थ नायसिनामाइड २ ते ५ टक्के. हा घटक डाग फिके करायला उपयोगी आहे, रंग बदलायला नाही. म्हणजे डागांसाठी पैसे घालायचे असतील तर टोन-अप सोडा आणि सीरमच्या घटकांची यादी वाचा. आणि हे सौंदर्य तिथल्या सगळ्या बायकांनी मुकाट मानलंय असंही नाही. २०१८ मध्ये ‘थाल-कॉर्सेट’ म्हणजे कॉर्सेट फेकून द्या म्हणत कित्येक मुलींनी मेकअपचा चुरा केला, केस कापले आणि त्याचे फोटो टाकले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एमबीसी वाहिनीची वृत्तनिवेदिका इम ह्यॉन-जू चष्मा लावून बातम्या द्यायला बसली आणि तेवढ्याचीही बातमी झाली. ठाण्याच्या फळीवर यातलं काही पोचत नाही, पोचतं ते फक्त खोकं.

ओठांकडे वळू. लिप टिंट ही या फळीवरची सर्वात कमी पैशातली आणि सर्वात कामाची वस्तू. ग्रेडियंट, म्हणजे आत गडद आणि कडेला फिकट, ओठांची रीत अशी: पफवर उरलेला बेस ओठांच्या कडेला टिपून कड पुसट करायची, टिंटचे दोन-तीन ठिपके फक्त आतल्या भागात, ओठ एकदा मिटायचे, मग अनामिकेने रंग बाहेरच्या बाजूला टिपत पसरवायचा. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायला हवं, कारण पाण्यासारखे टिंट लगेच रंग धरतात आणि मग कड विरत नाही. ओठ फुटलेले असतील तर सालीसालीवर गडद ठिपके बसतात, म्हणून आदल्या रात्री तूप किंवा व्हॅसलीन. डबीत नारिंगी दिसणारा टिंट ओठांवर गुलाबी होतो तो दोष नव्हे, काही लाल रंग ओठांच्या आम्लतेनुसार गुलाबीकडे जातातच. म्हणून रंग कागदावर न पाहता ओठांवर लावून १० मिनिटांनी पाहा.

आपल्यापैकी पुष्कळ जणींचे ओठ मुळात तपकिरी-जांभळट असतात. त्यावर कोरियन ‘न्यूड’, दुधाळ गुलाबी आणि करडा मॉव्ह या छटा आजारी दिसतात. विटकरी, अंजिरी, जांभूळ, गडद गुलाब या ओळीत शोधा. आणि ग्रेडियंट स्वतःच आता जुनं झालंय. कोरियात कल पूर्ण ओठ भरून कड धूसर ठेवण्याकडे, किंचित बाहेर नेण्याकडे गेला आहे. ही नवी तऱ्हा मुळात गडद ओठांना जास्त मानवते, कारण कड पुसायला फिका बेस लागत नाही. मिसळ खाल्ली की टिंटचं मध्यभागी रिंगण होतं हे मात्र दोन्हीत सारखंच. वरून पुन्हा टिंट लावू नका, आधी ओठ पुसा.

डोळ्यांच्या बाबतीत सरळ जपानी कप्प्याकडे जा. तिथला फिल्म मस्कारा प्रत्येक पापणीभोवती पातळ आवरण बनवतो. तेलाने तो विरघळत नाही, म्हणून पांडाचे डोळे होत नाहीत. काढायला ३८ ते ४० अंशांचं, हाताला सोसेल इतपत गरम पाणी लागतं. ओला कापूस २०-३० सेकंद दाबून ठेवा, आवरणं बारीक काळ्या नळ्यांसारखी सुटून येतात. पापण्या गळतायत असं वाटून घाबरायचं कारण नाही. चोळलं तर मात्र खऱ्या पापण्याही येतील. त्याचा दोष एकच, मुरडलेल्या पापण्या धरून ठेवायला तो मेणाच्या वॉटरप्रूफ मस्काऱ्याइतका जोरकस नाही. आपल्या हवेत तो सौदा परवडतो.

डोळ्याखाली फुगीर उंचवटा दाखवणारं ‘एग्योसाल’, जपानीत ‘नामिदा-बुकुरो’, बहुतेकींनी सोडून द्यावं. चकाकी आणि तिच्याखाली तपकिरी रेघ अशी ती कला आहे. डोळ्याखाली आधीच काळी वर्तुळं असतील तर ती रेघ जागरणासारखी दिसते. करायचंच तर फक्त चकाकी, तीही बुबुळाच्या खाली एवढीच. जपानी मेकअप आर्टिस्ट शिनोबु इगारींच्या नावाने गाजलेली, डोळ्याला लागून गालावर उंच ब्लश लावायची पद्धत मात्र सावळ्या रंगावर छान खुलते, अट एकच की ब्लश बेबी पिंक नको, गाजरी किंवा डाळिंबी हवा.

सरळ भुवयांसाठी थ्रेडिंगवालीला कमान कापायला सांगू नका, फॅशन जाईल आणि केस यायला महिने लागतील. कमानीच्या खालचा खळगा पेन्सिलने भरला की भुवई सरळ भासते, संध्याकाळी पुसता येते. फिकट तपकिरी ब्राउ मस्कारा तिथल्या रंगवलेल्या केसांशी जुळवायला असतो. काळ्या केसांच्या मुलीच्या भुवयांवर तो धूळ बसल्यासारखा दिसतो.

‘कोरियन ग्लास स्किन ब्रायडल’ पॅकेजबद्दल एकच ताकीद. लग्नात होमाचा धूर असतो, वर व्हिडिओचे दिवे असतात. चकाकत्या बेसवर अक्षतांचं कुंकू लागलं की डाग पसरतो. चकाकी फक्त गालाच्या हाडावर ठेवून कपाळ, नाक आणि हनुवटी पावडरने बंद करायला आधीच सांगा.

क्लीन्झिंग ऑइल कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर, एक मिनिट, मग थोडं पाणी घालून ते दुधाळ होऊ द्यायचं आणि मगच धुवायचं. दुधाळ करायची पायरी गाळली की तेलाचा पापुद्रा राहतो आणि पुळ्यांचं खापर तेलावर फुटतं.

खरेदी करताना खोकं उलटं करा. आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, एमआरपी, बॅच आणि मुदत यांचं स्टिकर असावंच लागतं. जपानच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या मालावर मुदत छापायची सक्ती नाही, म्हणून जपानी छपाईत तारीख न दिसणं हे नकली असल्याचं लक्षण नव्हे. स्टिकरवर मात्र ती हवीच. कोरियन खोक्यावर दोन तारखा असू शकतात. फोनचा कॅमेरा भाषांतरावर लावा. तारखेजवळ ‘जेजो’ असेल तर ती बनवल्याची, ‘क्काजी’ असेल तर संपण्याची. बनवल्याची तारीख मुदत समजून चांगला माल परत करणाऱ्या जशा असतात तशाच उलट वाचून संपलेला घेणाऱ्याही. उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि त्यात ‘६’ किंवा ‘१२’ असेल तर उघडल्यापासून तितके महिने. दमट घरात कुशनला सहाच धरा आणि उघडल्याची तारीख डबीच्या तळाला मार्करने लिहून ठेवा. स्टेशनबाहेर स्टिकरशिवाय दोनशे-अडीचशेला मिळणारं कुशन डोळ्यांच्या इतक्या जवळ लावायचं असतं, हे विसरू नका.